कळंब्यातून सुटणाऱ्याला भजनी मंडळात घ्यावं का?

टाळकरी_उपनगर: आमचं मंडळ कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात भजनाला जातं. तिथला एकजण पुढच्या महिन्यात शिक्षा संपवून सुटतोय. "बाहेर आल्यावर मंडळात येऊ का?" म्हणाला. मंडळात दोन तट पडलेत. देवाधर्माच्या नादानं माणूस खरंच सुधारतो का? कुणाचा अनुभव?

शिरोलीचा_फौंड्रीवाला: येऊ दे की! पण टाळ हातात द्यायच्या आधी काम बघा. माझ्याकडं फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायला, असाच एक गडी हाय. आत हरिपाठ तोंडपाठ केलेला. बाहेर आला तर भाऊ दारात उभा करीना, खोली कोण देईना, आधारला जोडलेला नंबर बंद, त्यामुळं बँकेचं खातं अडलेलं. हरिपाठानं ह्यातलं काय सुटणार? मंडळातल्या एकानं खोलीमालकाला शब्द दिला, दुसऱ्यानं आधार केंद्रावर नेलं, तिसऱ्यानं मला फोन केला. पगार मी सुरुवातीला आठवड्याला दिला. एकरकमी पैसा दिसला की जुनी दोस्तमंडळी बरोब्बर हजर होतात. आणि गुन्हा कुठला ते सुपरवायझर सोडून कुणाला सांगितलं नाही. चहाच्या टपरीवर त्याचा तमाशा नको.

आकडे_बघणारी: अमेरिकेत टेक्सासच्या तुरुंगात १९९७ मध्ये कैद्यांना सुधारण्यासाठी असा ख्रिस्ती कार्यक्रम सुरू झाला. २००३ च्या अहवालात, तो पूर्ण केलेल्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांना सुटकेनंतर दोन वर्षांत पुन्हा अटक झाली, तुलनेच्या गटात ३५ टक्क्यांना. वा! पण अर्धवट सोडलेलेही धरले तर आकडा ३६. शिवाय 'पूर्ण केला' ठरायला बाहेर येऊन नोकरी टिकवायची अट होती. मग गुण प्रार्थनेचा की नोकरीचा? आणि मदतीला भजनाची अट घालू नका. तिथल्याच आयोवा राज्यात हाच कार्यक्रम सरकारी पैशावर चालला म्हणून २००६ मध्ये न्यायालयानं घटनाबाह्य ठरवला.

शिरोलीचा_फौंड्रीवाला: ताई, अट नकोच, पटलं. पण आमचा गडी भजनाला दिसला नाही की दोघं त्याच्या खोलीवर जाऊन येतात. मी मालक, मी नुसता खाडा मांडतो. टाळकरी, काम काय येतं त्याला?

टाळकरी_उपनगर: आत अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू वळायला होता.

शिरोलीचा_फौंड्रीवाला: मग फौंड्रीत कशाला भाजून घेतोय! ओळखीच्या मिठाईवाल्याला उद्या विचारतो. खोलीचं तेवढं तुम्ही बघा.