प्रिंट नव्हे, टीव्ही तपासा

‘संत तुकाराम’ (१९३६) या सिनेमात माणसं फुगलेली दिसतात म्हणून प्रिंटला दोष देऊ नका. चूक टीव्हीची आहे. त्या काळच्या चित्राची चौकट (रुंदी:उंची) साधारण ४:३, आपल्या टीव्हीचा पडदा १६:९. ताणून बसवली की सगळं एक तृतीयांशाने रुंद होतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये, पिक्चर साइझखाली ४:३ किंवा ओरिजिनल निवडा, कडेच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. झूम तर अजिबात नको, वरखाली मिळून चौथा हिस्सा कापला जातो. मोशन स्मूदिंगही बंद करा. सेकंदाला २४ चौकटींच्या मध्ये टीव्ही स्वतःच्या चौकटी घुसडतो आणि सिनेमा टीव्ही मालिकेसारखा दिसायला लागतो. दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी पुण्यात, प्रभात फिल्म कंपनीत केलेलं हे काम आहे. तुकाराम साकारणाऱ्या विष्णुपंत पागनीसांचा चेहरा तरी धड दिसायला हवा!