वहिनी दुसरं लग्न करतेय, तर पेन्शन आणि नात घरात ठेवून जावं का?

गोदाकाठची
आमचं गाव बीड जिल्ह्यात, गोदावरीच्या काठाला. भाऊ जवान होता, चार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये एलओसीवर शहीद झाला. वहिनी तेव्हा सव्वीसची, पोरगी दीड वर्षाची. आता परभणीकडचं स्थळ आलंय. झेडपीचा मास्तर, बायको आजारात गेलेली, मूलबाळ नाही, पोरीसकट न्यायला तयार. वहिनी हो म्हणाली आणि तेव्हापासून आमच्या घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. वडील म्हणतात, जायचं तर खुशाल जा, पण नात आणि पेन्शन इथं ठेवून. आई गप्प. भावकीनं तिसराच तोडगा काढलाय: धाकट्याशी उरकून टाका, घरातलं घरात राहतंय. धाकटा चोवीसचा आहे. वहिनी आली तेव्हा तो बारावीला होता, सकाळी त्याच्या डब्यात भाकरी तीच बांधायची.

माझं मत आधीच सांगते. तिनं जावं, पोरीला न्यावं, पेन्शनही तिचीच. 26 जानेवारीला, 15 ऑगस्टला तिला झेंड्याला नेतात, वीरपत्नी म्हणून खुर्ची देतात. भावाची लोखंडी पेटी आहे, पांढऱ्या रंगात नंबर घातलेली, त्यात तिनं सत्काराच्या अकरा शाली घडी करून ठेवल्यात. पण संक्रांतीचं वाण चार वर्षांत एकदाही तिच्या हातात पडलेलं नाही. बोला.

माजी_हवालदार (लातूर)
ताई, राग मानू नका, मी तुमच्या वडलांच्या बाजूचा. लग्नाला ना नाही. पण पेन्शन ही त्या पोराच्या जिवाची किंमत आहे, ती परक्या घरात जाऊन मास्तरच्या घराचा हप्ता फेडणार? म्हातारा-म्हातारी काय खाणार, कोरडवाहू सोयाबीन? सर्व्हिसमध्ये असताना एका जवानाचं सामान घेऊन त्याच्या घरी गेलो होतो. आईनं पेटी उघडली आणि आधी त्याचं बनियन नाकाला लावलं. बायकोबद्दल सगळे बोलतात. त्या म्हातारीला दुसरा मुलगा कोण करून देणार?

काळाकोट
भावना कळते, पण नियम बघा. लढाईत किंवा सीमेवरच्या अशा कारवाईत जवान गेला की पत्नीला उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, साधारण शेवटच्या पगाराइतकं. तिनं पुनर्विवाह केला आणि लेकराचा सांभाळ तीच करत असेल, तर ते तिलाच चालू राहतं. म्हणजे नात इथं ठेवून घ्यायचा हट्ट धरला तर त्या पेन्शनचंच गणित बिघडेल, हे वडलांना नीट समजावून सांगा.

शेताचंही सांगतो, कारण तो वाद येणारच. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं भावाच्या मालकीच्या हिश्श्यात बायको, मुलगी आणि आई यांना सारखा वाटा. वडील त्या पहिल्या यादीत येत नाहीत (हे ऐकून बरेच सासरे माझ्यावरच चिडतात). वहिनींनी नंतर लग्न केलं म्हणून मिळालेला वाटा परत जात नाही. 1856 च्या पुनर्विवाह कायद्यात मात्र तसं होतं, दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीवरचा हक्क गेला. तो कायदा 1983 साली रद्द झाला. पारावर अजून तोच चालतो.

कोरडवाहू
भावकीला हसू नका, सरकारही त्याच वाटेनं चाललं होतं. शौर्यपदक मिळालेल्या जवानाच्या विधवेनं लग्न केलं की पदकाचा भत्ता बंद व्हायचा, फक्त दिराशी केलं तर चालू. ही अट संरक्षण मंत्रालयानं काढली नोव्हेंबर 2017 मध्ये!

आणि ‘आपल्यात असं नसतं’ म्हणणाऱ्यांनी पणजीची चौकशी करावी. कुणबी-मराठ्यांच्या कितीतरी घरांत पाट लागायचे, मोहतूर व्हायचे, म्हणजे विधवांची दुसरी लग्नंच. ते बंद झालं देशमुखी मिरवायला लागल्यावर. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूरकडच्या हेरवाड गावानं विधवा प्रथा बंद करायचा ठराव घेतला, मग सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं परिपत्रक काढलं. आमच्या ग्रामपंचायतीत ते फाईलला लागलंय. बांगड्या फोडणं अजून चालूच.

माजी_हवालदार (लातूर)
दिराचं मलाही पटत नाही, ते पोर पण आयुष्यभर दबून राहील. पण वकीलसाहेब, म्हातारा कोर्टात जात नसतो, तो पारावरच बसणार. तिथं काय सांगू, सून गेली आणि महिन्याला पैसाही गेला?

नाव_नको
मी कारगिलची. म्हणजे 1999 ची. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पोटात मुलगा. मी लग्न केलं नाही आणि त्याचं गावानं फार कौतुक केलं. करायचं होतं का, हे मात्र कोणी विचारलं नाही. पेन्शनचं पासबुक नऊ वर्षं सासऱ्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. सहीपुरतं बाहेर यायचं. मुलाला बूट घ्यायचे तरी आधी त्यांची झोप होऊ द्यायची, मग चहा, मग विषय.

पण गोदाकाठची ताई, तुझंही थोडं चुकतंय. तू वहिनीची बाजू मांडतेस आणि मास्तरबद्दल एक ओळ लिहितेस. त्याला पेन्शनचा आकडा माहीत आहे का? कोणाकडून कळला? एक पासबुक सासऱ्याच्या खिशातून निघून नवऱ्याच्या खिशात गेलं तर काय मिळवलं? खातं तिच्या एकटीच्या नावावर ठेवा. सासू-सासऱ्यांना दर महिन्याला काही पाठवायचं का, किती, ते तिनं तिच्या मनानं ठरवू दे. माझ्या सासूला मी शेवटपर्यंत सांभाळलं. तिनं कधी पासबुक मागितलं नव्हतं.

गोदाकाठची
विचारलं. मास्तरला आकडा माहीत होता, मध्यस्थानंच सांगितलेला. त्यावर वहिनी दोन दिवस गप्प होती. मग स्वतः फोन लावून म्हणाली, खातं माझं राहील, सासरी दर महिन्याला पैसे जातील, पटत असेल तर पुढं बोलू. तो हो म्हणालाय. खरं-खोटं पुढं कळेल. धाकट्यानं भावकीला तोंडावर नाही म्हणून सांगितलं आणि चाकणला निघून गेला.

वडील काल पहिल्यांदा पैशांचं बोलले नाहीत. म्हणाले, नेऊ दे पोरीला, पण शाळेच्या दाखल्यावर नाव माझ्या लेकाचंच लागलं पाहिजे. जूनमध्ये पहिलीत नाव घालायचंय. यात कायदा काय म्हणतो?

काळाकोट
दत्तक दिल्याशिवाय वडलांचं नाव बदलत नाही. आडनाव कोणतं लावायचं ते आई ठरवणार. सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2022 मध्ये अशाच भांडणात, आजी-आजोबा विरुद्ध पुनर्विवाहित सून, तसा निकाल दिलाय.

माजी_हवालदार (लातूर)
म्हणजे अट घालून भागणार नाही, सुनेकडं मागावंच लागणार. ताई, वडलांचा नंबर खासगी निरोपात पाठवा. मी बोलतो त्यांच्याशी.