प्रवासात शौचालयाला जाताना कमरेचे परवान्याचे रिव्हॉल्व्हर कसे सांभाळावे?

कापूसखरेदी, कारंजा (लाड):

नमस्कार. माझा कापूस आणि सोयाबीन खरेदीचा व्यवसाय आहे. दसऱ्यापासून साधारण फेब्रुवारीपर्यंत शेतकऱ्यांचे चुकारे देण्यासाठी मला आठवड्यातून दोन-तीनदा रोख रक्कम घेऊन खेड्यांतून फिरावे लागते, आणि त्या कारणासाठीच मला .३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळालेला आहे. रिव्हॉल्व्हर मी उजव्या कमरेला, चामडी होल्स्टरमध्ये, सदऱ्याच्या आत बाळगतो. परवाना घेताना शस्त्र भरणे, रिकामे करणे, साफ करणे हे सारे शिकवले गेले, परंतु वाटेत शौचाला जावे लागल्यास त्या शस्त्राचे काय करायचे, हे कोणी सांगितले नाही आणि विचारण्याचा मला संकोच वाटला.

मागच्या पंधरवड्यात अमरावतीहून परतताना मी एका ढाब्यावर थांबलो. तेथील शौचालय भारतीय पद्धतीचे, जमीन ओली, दाराला कडीऐवजी तारेचा आकडा. पट्टा सोडताच रिव्हॉल्व्हरच्या वजनाने पॅन्ट एका बाजूला झुकू लागली, म्हणून मी होल्स्टर काढून झरोक्याच्या कठड्यावर ठेवले. हातपाय धुऊन बाहेर आलो, चहा घेतला आणि निघालो. तीन-चार किलोमीटर गेल्यावर कमरेला हात लागला, तेव्हा तेथे काहीच नव्हते. परत पोहोचलो त्या वेळी शौचालये धुणारा मुलगा बादली घेऊन शेजारच्या खोलीत होता. त्याचे वय बारा-तेरा असावे. रिव्हॉल्व्हर जागेवरच मिळाले, पण तो मुलगा पाच मिनिटे आधी मी वापरलेल्या खोलीत शिरला असता तर काय झाले असते, या विचाराने मला अजून रात्री झोप लागत नाही.

मला मधुमेह असल्यामुळे प्रवासात वारंवार थांबावे लागते, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी रोजचा आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

निवृत्त सुभेदार, बुलढाणा जिल्हा:

भाऊ, ही गोष्ट आपण स्वतःहून सांगितली, हे फार चांगले केले. असे अनेकांच्या बाबतीत घडते आणि बहुतेक जण ते दडपून ठेवतात. २०१५ मध्ये अमेरिकेच्या संसद भवनाचे रक्षण करणाऱ्या पोलिसांकडून शौचालयात पिस्तूल विसरले जाण्याच्या घटना उघडकीला आल्या होत्या, आणि त्यांपैकी एक पिस्तूल सभापतींच्या दालनातील स्वच्छतागृहात एका लहान मुलाला सापडले होते. ज्यांचा हात दिवसभर शस्त्रावर असतो त्यांचीही ही चूक होते, कारण त्या क्षणी माणसाचे सारे लक्ष शरीराच्या निकडीकडे असते आणि निकड संपली की मन पुढच्या कामाकडे धावते. म्हणून ‘या वेळी लक्षात ठेवीन’ यावर विसंबून चालणार नाही; वस्तू विसरण्याची शक्यताच उरणार नाही, अशी पद्धत अंगवळणी पाडावी लागेल.

पद्धतीचा गाभा असा, की रिव्हॉल्व्हर होल्स्टरमधून बाहेर येऊ नये आणि होल्स्टर शरीरापासून वेगळे होऊ नये. कठडा, पाण्याची टाकी, दाराचा खिळा, बादलीचे झाकण यांपैकी कोणत्याही जागेवर ते क्षणभरही ठेवू नये. शौचालयात होणारे अनेक अपघात शस्त्र बाहेर काढताना किंवा पुन्हा आत घालताना होतात, कारण जागा अरुंद असते, एक हात कपड्यांत गुंतलेला असतो आणि बोट नकळत चापावर जाते. शस्त्र चाप पूर्ण झाकणाऱ्या होल्स्टरमध्ये पडून राहिले, तर ते आपण होऊन काही करत नाही.

आता आपल्याकडच्या बैठकीच्या शौचालयाबद्दल थोडे सविस्तर लिहितो. परदेशी माहितीत सगळे कमोडवर बसण्याच्या हिशेबाने सांगितलेले असते, आणि ते आपल्या उपयोगाचे नाही. आत गेल्यावर प्रथम कडी लावावी. कडी नसेल किंवा ती भरवशाची नसेल तर दुसरी खोली पाहावी. उभे असतानाच उजव्या हाताने होल्स्टर बाहेरून, चापापासून दूर, घट्ट धरावे आणि डाव्या हाताने पट्टा सोडावा. पॅन्ट घोट्यापर्यंत सोडू नये, गुडघ्यांच्या किंचित वर आणून थांबवावी, आणि तेथेच पट्टा पुन्हा लावून टाकावा. उकिडवे बसल्यावर गुडघे फाकतात, त्यामुळे लावलेला पट्टा ताणलेला राहतो आणि होल्स्टर मांडीलगत स्थिर बसते. पट्टा मोकळा सोडला तर पाऊण किलोच्या आसपास वजनाची वस्तू एका बाजूने लोंबते, जमिनीला टेकते, आणि दाराखाली फट असेल तर बाहेरच्यालाही दिसते. उठताना क्रम उलटा ठेवावा: आधी होल्स्टर धरायचे, मग पट्टा सोडायचा, मग पॅन्ट वर घेऊन पट्टा बांधायचा आणि हे सर्व झाल्यावरच पाण्याला हात लावायचा.

होल्स्टरला मुठीवरून येणारी बटणाची पट्टी असलीच पाहिजे. नुसते घर्षणावर धरून राहणारे उघडे होल्स्टर खाली बसताना दगा देते. आणि इतके करूनही रिव्हॉल्व्हर निसटलेच, तर ते हवेत पकडायला जाऊ नये. पडणारे शस्त्र पकडताना बोट चापात अडकून गोळी सुटण्याचा धोका, ते पडून आपोआप गोळी सुटण्याच्या धोक्यापेक्षा मोठा असतो. पडू द्यावे, नळी कोणत्या दिशेला आहे ते पाहावे आणि मग शांतपणे उचलावे. जुन्या बनावटीचे रिव्हॉल्व्हर असेल तर घोड्याखालचे, म्हणजे काडतुसावर आघात करणाऱ्या भागासमोरचे, काडतुसाचे घर रिकामे ठेवण्याची जुनी रीत त्यासाठीच आहे.

लघवीसाठी मात्र पट्टा मुळीच सोडू नये, केवळ चेन उघडावी. तरीही मुतारीत ओळीत उभे राहण्यापेक्षा बंद खोलीत जाणे मला योग्य वाटते, कारण हात पुढे नेताना सदरा वर सरकतो आणि शेजारच्या माणसाला मूठ दिसते.

पेट्रोलपंपचालक, यवतमाळ जिल्हा:

सुभेदार काकांनी पुरुषांच्या दृष्टीने लिहिले आहे, म्हणून बायकांच्या अडचणीबद्दल दोन शब्द लिहिते. साडी किंवा सलवार-कमीज घालणाऱ्या स्त्रीला कमरेला होल्स्टर बांधणे बहुधा जमत नाही, आणि मग शस्त्र पर्समध्ये येते. ती पर्स दाराच्या खिळ्याला अडकवण्याची आपली सवय असते. दाराच्या वरून हात घालून पर्स ओढून नेण्याचे प्रकार बसस्थानकांवर होतात, हे आपण सर्वजणी ऐकून आहोत. मी खास शस्त्रासाठी शिवून घेतलेली, आत वेगळा कडक कप्पा असलेली पिशवी गळ्यातून तिरपी घालते आणि शौचालयात ती पोटावर पुढे घेते. बसतानाही ती अंगावरून उतरत नाही. त्या कप्प्यात किल्ली, रुमाल, सुटे पैसे असे दुसरे काहीही ठेवत नाही, कारण किल्लीचे टोक चापात शिरायला वेळ लागत नाही. धोतर, पायजमा घालणाऱ्या दादांनाही अशी पिशवी उपयोगी पडेल असे वाटते.

मूर्तिजापूरकर:

एवढी यातायात कशासाठी? गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून कुलूप लावावे किंवा चालकाच्या हाती द्यावे, पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे. मी वर्षानुवर्षे हेच करत आलो आहे.

वकील, अमरावती:

मूर्तिजापूरकर दादा, राग मानू नये, परंतु या दोन्ही सल्ल्यांत आपण स्वतःला अडचणीत टाकत आहात. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हातातले शस्त्र, म्हणजे पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर, हे त्यासाठी बनवलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच साधनात, अंगाला जोडलेले, पूर्ण झाकलेले आणि परवानाधारकाच्या परिणामकारक ताब्यात असावे लागते. ढाब्याच्या आवारात उभ्या असलेल्या गाडीच्या प्लास्टिकच्या कप्प्याला ताबा म्हणता येणार नाही. त्याचे कुलूप स्क्रू ड्रायव्हरने उघडते. पंपचालक ताईंनी पिशवी खास शिवून घेतली आणि ती अंगावरच ठेवली, हे त्यामुळेच योग्य आहे. साध्या पर्समध्ये टाकलेले शस्त्र या नियमात बसत नाही.

चालकाबद्दल थोडे बारकाईने पाहावे लागेल. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ मध्ये अशी सवलत आहे, की परवाना नसलेली व्यक्ती परवानाधारकाच्या उपस्थितीत किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर शस्त्र नेऊ शकते, मात्र ते दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्याच वापरासाठी असले पाहिजे. आपण दाराआड आणि चालक पार्किंगमध्ये, याला उपस्थिती म्हणावे असा युक्तिवाद मी स्वतः न्यायालयात करू धजणार नाही. परवान्याच्या अटींचा भंग हा कलम ३० खाली वेगळा गुन्हा आहे, आणि परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचे अधिकार प्राधिकाऱ्याला कलम १७ ने दिलेले आहेत.

मूळ प्रश्न विचारणाऱ्या भाऊंसाठी आणखी एक सांगतो. रिव्हॉल्व्हर जागेवर मिळाले नसते, तर आधी आपण होऊन तासभर शोधाशोध करणे, ढाबेवाल्याला गुपचूप पैसे देऊ करणे, यांत वेळ घालवणे अत्यंत चुकीचे ठरले असते. शस्त्र हरवल्याची किंवा चोरीची माहिती जवळच्या पोलीस ठाण्याला ताबडतोब देणे ही परवान्यावर छापलेली अट आहे. कळवण्यात उशीर झाला आणि त्या शस्त्राचा गैरवापर झाला, तर उत्तरे आपल्यालाच द्यावी लागतात. परवान्याची छायाप्रत आणि शस्त्राचा क्रमांक म्हणूनच शस्त्रासोबत न ठेवता वेगळ्या खिशात ठेवावा.

मूर्तिजापूरकर:

वकील साहेब, अंगाला जोडलेले असण्याची अट मला खरोखरच ठाऊक नव्हती. चालकाच्या हाती देणे आजपासून बंद करतो.

कापूसखरेदी, कारंजा (लाड):

सर्वांचे मनापासून आभार. सुभेदार साहेबांनी सांगितलेली रीत मी रिव्हॉल्व्हर रिकामे करून, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, घरी चार दिवस करून पाहिली. पॅन्टवर ती जमते. पहिल्या दिवशी मी गुडघ्यावर पट्टा लावायला विसरलो आणि होल्स्टर थेट पाण्यात टेकले, त्यावरून त्या एका कृतीचे महत्त्व पटले. खेड्यात लग्नकार्याला किंवा तेराव्याला जाताना मी पायजमा-सदरा घालतो, तेव्हा मात्र नाडीवर वजन पेलत नाही. अशा वेळी काय करावे? शिवाय चामडी होल्स्टर भिजले तर त्याचा शस्त्रावर परिणाम होतो का?

निवृत्त सुभेदार, बुलढाणा जिल्हा:

भाऊ, लग्नकार्याला ते न्यावेच कशाला, हा माझा पहिला प्रश्न आहे. जत्रा, धार्मिक मिरवणूक किंवा सार्वजनिक मेळाव्यात शस्त्र नेऊ नये, असे परवान्याच्या अटींतही आहे. ज्या दिवशी रोकड नाही त्या दिवशी ते घरी कुलुपात असावे. तेवढ्या फेऱ्यांमध्ये शौचालयाचा प्रश्नच उद्भवत नाही. माझ्या परिचयातील काही खरेदीदारांनी चुकारे शेतकऱ्यांच्या बँक खात्यात जमा करायला सुरुवात केल्यापासून त्यांचे शस्त्र महिन्यातून एखाद्या वेळीच बाहेर निघते. रोख घेऊन पायजम्यात जाणे अपरिहार्य असेल, तर सदऱ्याच्या आत पोटावर स्वतंत्र रुंद पट्टा बांधावा. तो नाडीच्या वर असल्यामुळे पायजमा सोडला तरी जागचा हलत नाही, आणि बैठकीच्या शौचालयासाठी मला तो पॅन्टच्या पट्ट्यापेक्षाही सोयीचा वाटतो. फक्त होल्स्टर बरगडीच्या बाजूला थोडे वर घ्यावे, म्हणजे वाकताना ते मांडीत रुतत नाही.

मधुमेहाचे आपण लिहिले आहे, त्यावरूनही एक सुचवतो. निकड अनावर झाल्यावर थांबण्यापेक्षा ठरावीक अंतराने, चांगली कडी असलेल्या दोन-तीन माहितीच्या ठिकाणीच थांबावे. घाईत उघडलेला पट्टा हे निम्म्या चुकांचे मूळ असते. बाहेर पडण्यापूर्वी कडीला हात लावायच्या आधी तळहात कमरेवर ठेवण्याची सवय करावी, म्हणजे तीन किलोमीटरवर कळणारी गोष्ट दाराच्या आतच कळेल.

होल्स्टर भिजले तर रिव्हॉल्व्हर त्यात रात्रभर राहू देऊ नये. चामडे ओल धरून ठेवते, घामातले मीठही त्यात मुरलेले असते, आणि सिलिंडरच्या कडेला व नळीच्या तोंडाशी गंज आधी तेथूनच चढतो. घरी आल्यावर शस्त्र रिकामे करून कोरड्या फडक्याने पुसावे, तेलाचा अगदी पातळ हात द्यावा आणि होल्स्टर सावलीत वाळवावे. उन्हात किंवा चुलीजवळ वाळवले तर चामडे आक्रसते आणि बटणाची पट्टी मुठीवर पुरत नाही. आपले पाण्यात टेकलेले होल्स्टर आधी तपासा. पट्टी सैल किंवा अपुरी वाटली तर पुढच्या फेरीपूर्वीच नवे करून घ्या.

कापूसखरेदी, कारंजा (लाड):

तपासले, साहेब. बटण लागते, पण अंगठ्याने हलके ढकलले तरी सुटते. उद्याच अकोल्याला जाऊन नवे घेतो, आणि ते हाती येईपर्यंत या आठवड्याचे चुकारे बँकेतून करतो.