मागच्या सीटवर मी होते

प्रेषक: माजी खजिनदार, निशी-कासाई, तोक्यो (सध्या नागपूर)
दिनांक: ९ डिसेंबर

जपानातल्या आपल्या मराठी मंडळाच्या मंडळींनो, नमस्कार.

तिकडे प्रत्येकाच्या ऑफिसात बोनेनकाई, म्हणजे वर्षअखेरच्या पार्ट्या, सुरू असतील, इकडे लग्नसराई आहे. भाच्याच्या लग्नाला मी नागपूरला आलेय. लग्न छान झालं, फोटो नंतर पाठवीन. आज वेगळ्याच गोष्टीसाठी लिहितेय. लिहू की नको, यात दोन दिवस गेले.

परवा काटोल रोडवरच्या एका लॉनवर रिसेप्शन होतं. आमच्या घरच्या लग्नांत दारू मांडवात कधीच नसते. ती पार्किंगमध्ये, कुणाच्या तरी गाडीच्या डिकीत असते. सगळ्यांना माहीत असतं, कुणी त्याविषयी बोलत नाही. माझा चुलतभाऊ तीनदा ‘आलोच’ म्हणून तिकडे जाऊन आला. तिसऱ्या वेळी माझ्या डोक्यावर हात ठेवून पाहुण्यांना म्हणाला, ‘ही माझी जपानवाली बहीण.’ तेव्हा मला वास आला.

रात्री साडेबाराला त्याच्याच गाडीतून निघालो. तो चालवायला, शेजारी वहिनी, मागे मी आणि माझी ७८ वर्षांची आई, सगळ्यात मागे त्याची दोन पोरं झोपलेली. मी वहिनीच्या खांद्याला हात लावला. ती अर्धवट वळून पुटपुटली, ‘काही बोलू नका ताई. बोललं का अजून जोरात चालवतात.’ मी गप्प बसले. आईचा हात धरून बसले.

फुटाळा तलावाच्या कडेनं अमरावती रोडला लागलो. लॉ कॉलेज चौकाच्या जरा अलीकडे डाव्या बाजूला एक सायकलवाला होता. गाडी त्याच्याकडे ओढल्यासारखी गेली, आरशाला काहीतरी लागल्याचा आवाज झाला आणि तो पडला. दादा म्हणाला, ‘काही नाही झालं.’ गाडी थांबली नाही. मागच्या काचेतून दिव्याच्या उजेडात मी त्याला उठताना पाहिलं. सायकल उचलत होता. तेवढंच दिसलं, मग आम्ही वळलो.

गाडीत चार मोठी माणसं होती. ‘थांब’ असं एकानंही म्हटलं नाही.

सकाळी ऑटो करून मी त्या जागी गेले. चहाच्या टपरीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, ‘होता बाप्पा एक जण, सायकल हातात धरून पैदल गेला.’ कोण, कुठला, किती लागलं, काही कळलं नाही.

जपानात मी अशा गाडीत पाय ठेवला नसता. तिथला कायदा ठाऊक आहे म्हणून, की तिथे कुणी दादा नाही म्हणून, हे मला उमगत नाही. तुम्हा सर्वांना विचारायचं आहे: चालवणारा प्यायलेला आहे हे माहीत असून जो गाडीत बसतो, त्याला कायद्यानं जबाबदार धरावं का? मला धरावं का?

*

प्रेषक: सभासद, सैतामा
दिनांक: ९ डिसेंबर

ताई, वाचून सुन्न झालो. तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत.

माझं उत्तर ‘हो’ आहे. नव्या सभासदांना ठाऊक नसेल, म्हणून जपानचा कायदा कसा आला ते आधी सांगतो. ऑगस्ट २००६ मध्ये फुकुओकात एका प्यायलेल्या माणसाच्या गाडीनं पुलावर पुढच्या गाडीला मागून धडक दिली. ती गाडी समुद्रात पडली, आई-वडील वाचले आणि तीन लहान भावंडं गेली. सगळा देश हळहळला. सप्टेंबर २००७ पासून वाहतूक कायदा बदलला. गाडी देणारा, दारू देणारा आणि सोबत बसणारा, तिघांसाठी स्वतंत्र शिक्षा आल्या. चालक पूर्ण नशेत असेल तर सोबत बसणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख येनपर्यंत दंड. नशा तेवढी नसेल, पण मर्यादेच्या वर असेल, तर २ वर्षं किंवा ३ लाख येन. शिवाय त्याचं स्वतःचं लायसन्स जाऊ शकतं.

आता माझा अनुभव. या कंपनीत नवा होतो तेव्हा आमचा विभागप्रमुख दोन ग्लास बीअर घेऊन किल्ली फिरवत म्हणाला, ‘चल, स्टेशनला सोडतो.’ जपानी ऑफिसात वरिष्ठाला ‘तुम्ही प्यायला आहात’ असं तोंडावर म्हणणं किती अवघड, ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, ‘साहेब, माझंही लायसन्स जाईल.’ तो थबकला, खिशात किल्ली टाकली आणि दाइकोला, म्हणजे प्यायलेल्याची गाडी घरी पोचवून देणाऱ्या सेवेला, फोन लावला. दोन माणसं आली, एकानं साहेबांची गाडी चालवली, दुसरा आपल्या गाडीनं मागोमाग आला.

मला धीर कायद्यानं दिला. मान न दुखवता ‘नाही’ म्हणायला एक वाक्य मिळालं. नागपुरात तुमच्या वहिनींकडे असं वाक्य असतं तर?

*

प्रेषक: सभासद, योकोहामा
दिनांक: १० डिसेंबर

दादा, तुमच्या साहेबांनी किल्ली खिशात टाकली. माझ्या वडिलांनी टाकली नसती.

मी वर्ध्याची. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, हे विदर्भाबाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. गांधीजींचा जिल्हा म्हणून बंदी, आणि प्यायचं असेल तर हद्द ओलांडून नागपूरच्या बाजूला जायचं. म्हणजे ज्याला प्यायची आहे त्याला गाडी घेऊनच जावं लागतं आणि पिऊन गाडी चालवतच परत यावं लागतं. हे मी तक्ता मांडून सांगत नाही, आमच्या घरातलं सांगतेय. बाबा रविवारी आम्हाला नागपूरला न्यायचे, सीताबर्डीवर खरेदी व्हायची, आणि परतताना बुटीबोरीच्या आसपास ते ‘पाच मिनिटं’ थांबायचे. आई आणि मी रस्त्याच्या कडेला स्कूटरजवळ उभ्या राहायचो. मग मी पुढे उभी, आई मागे. तिचा एक हात सीटला आणि दुसरा बाबांच्या पोटाभोवती, ते कलंडू नयेत म्हणून.

तो हात मला आजही दिसतो. दादा, तुमच्या कायद्यात हा हात कुठे बसवाल? आईला माहीत होतं. ती दर वेळी जीव मुठीत धरून बसली. उतरली असती तर रात्री हायवेवर सात वर्षांची मुलगी घेऊन कुठे गेली असती? आणि घरी पोचल्यावर काय झालं असतं, ते इथे लिहीत नाही.

‘माझंही लायसन्स जाईल’ हे वाक्य ज्याच्याकडे लायसन्स आहे त्याच्यासाठी आहे. आमच्याकडे बाजूच्या सीटवर किती बायका अशा बसतात की त्यांच्या हातात किल्लीही नसते आणि पर्सही नसते! पोलिसांनी गाडी अडवली आणि नवऱ्यासोबत तिच्यावरही कलम लावलं, तर पुढच्या वेळी ती बोलेल असं वाटतं का? ती पुढच्या वेळी पोलिसांपुढे ‘नाही हो, प्यायले नाहीत’ असं शपथेवर सांगेल.

ताई, तुमच्या वहिनींना दोष देऊ नका. त्या रात्री गाडी त्यातल्या त्यात हळू चालली असेल तर ती त्यांच्यामुळेच.

*

प्रेषक: सैतामा
दिनांक: १० डिसेंबर

तुमची मेल वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. एक मात्र सांगायला हवं होतं, ते राहिलं. जपानी कायद्यात नुसतं बसणं गुन्हा नाही. चालक प्यायला आहे हे ठाऊक असून ‘मला सोड’ अशी मागणी किंवा विनंती करून बसणं गुन्हा आहे. तुमच्या आईनं मागणी केली नव्हती. माझ्या पहिल्या मेलमध्ये हा शब्द गाळला गेला, ती चूक माझी.

*

प्रेषक: सभासदाचे वडील, धंतोली, नागपूर
दिनांक: ११ डिसेंबर

मंडळाच्या सर्व सभासदांस नमस्कार. मुलीनं या मेल मला वाचायला दिल्या. येथील न्यायालयात ३० वर्षं वकिली केली, म्हणून तिच्या पत्त्यावरून लिहितो.

आपल्याकडे कायदाच नाही, असा तुमचा समज दिसतो. तसं नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं तर पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. हे चालकाचं झालं. तीन कलमं पुढे, १८८ मध्ये, या गुन्ह्याला अपप्रेरणा देणाऱ्यालाही तीच शिक्षा सांगितली आहे. अपप्रेरणा म्हणजे चिथावणं, कटात सामील होणं किंवा जाणूनबुजून मदत करणं. नुसतं बसणारा त्यात येत नाही. ‘चल बे, काही होत नाही, तूच चालव’ म्हणणारा येऊ शकतो. झिंगलेल्याच्या हातात स्वतःच्या गाडीची किल्ली देणाराही येऊ शकतो. तेव्हा सैतामाचे गृहस्थ ज्या मागणीबद्दल लिहितात, तिच्यासाठी जागा आहे. माझ्यासमोर हे कलम कुणावर लागलेलं मी पाहिलं नाही, ही वेगळी गोष्ट.

स्टिअरिंगवर नसलेल्याला दोषी धरणं आपल्या कायद्याला नवं नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं १९९-अ आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी मानला जातो. माहीत नव्हतं, किंवा रोखण्याची काळजी घेतली होती, हे त्यानं सिद्ध करायचं.

तरीही दारूच्या बाबतीत प्रवाशाला सरसकट आरोपी करायला माझा विरोध आहे. योकोहामाच्या मुलीनं सांगितलेलं कारण मोठं आहेच. दुसरं कारण कोर्टातलं आहे. मध्यरात्री सुनसान रस्त्यावर गाडी कोण चालवत होतं आणि तो प्यायला होता की नाही, हे सांगू शकणारा माणूस बहुधा एकच असतो, शेजारी बसलेला. त्यालाच आरोपी केलंत की राज्यघटनेचा अनुच्छेद २० (३) त्याच्या बाजूनं उभा राहतो. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. पुण्याच्या कल्याणीनगरात मे २०२४ मध्ये दोन तरुण इंजिनीअर गेले, ते प्रकरण आठवा. चालवणाऱ्या मुलाचेच नव्हे, सोबत बसलेल्या मुलांच्याही रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाला आणि पालकांना अटक झाली. प्रत्येकाला आपापलं पोर वाचवायचं असलं की खरं सांगायला गाडीत कुणी उरत नाही.

मला बदल हवा आहे तो दुसऱ्या जागी. अपघात झाला तर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणं, हे कर्तव्य कलम १३४ नं चालकावर किंवा गाडीचा ताबा असलेल्यावर टाकलं आहे. मागे बसलेल्यावर नाही. त्याच्यावरही टाकावं. बसल्याबद्दल शिक्षा नको. माणूस पडलेला पाहून गप्प राहिल्याबद्दल असावी. वर्ध्याच्या त्या माऊलीला पोलिसांत सकाळी जाता आलं असतं की नाही, मला माहीत नाही. तिच्यासाठी न्यायाधीशाला सवलतीची जागा ठेवावी लागेल.

लग्नाला आलेल्या बाईंना एवढंच सांगतो: बेटा, सायकलवाला उठताना तू पाहिलास, हे दुसऱ्या कुणी पाहिलेलं नाही. २४ तास उलटून गेले आहेत, तरी पोलीस ठाण्याचं दार बंद झालेलं नाही.

*

प्रेषक: सचिव
दिनांक: ११ डिसेंबर

काकांचे आभार. ही चर्चा कृपया यादीबाहेर पाठवू नका, ताईंच्या घरच्यांचा प्रश्न आहे. संक्रांतीच्या कार्यक्रमानंतर जे जेवायला थांबतील त्यांनी गाडी कोण चालवणार ते नावनोंदणी करतानाच कळवा. सैतामा आणि गुन्माकडच्यांसाठी दाइको ठरवून ठेवतोय, खर्च मंडळाचा.

*

प्रेषक: माजी खजिनदार (नागपूर)
दिनांक: १३ डिसेंबर

काका, काल सकाळी दादाशी बोलले. ‘मी पोलिसांत सांगणार आहे, तू सोबत आलास तर बरं होईल.’ आधी हसला, मग चिडला, मग म्हणाला, ‘तू दहा दिवसांत जाशील, आम्हाला इथे राहायचं आहे.’ यात खोटं काही नाही. मी गप्प राहिले असते तर मलाही सोपं गेलं असतं. आई देवघरात बसून सगळं ऐकत होती. बाहेर आली आणि त्याला म्हणाली, ‘ते पोरगं कुणाचं तरी असेल रे.’ तो उठून गेला. अजून बोललेला नाही.

योकोहामा, तुझी मेल मी वहिनीला वाचून दाखवली. विचारून, तुझं नाव न सांगता. तिनं ‘पोटाभोवती’ हा शब्द पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाली, ‘मी सोडते तुम्हाला ठाण्यात.’ तिच्या स्कूटीवरून गेलो. ती बाहेर गेटपाशी स्कूटीवरच बसून राहिली. आत ये म्हणून मी म्हटलं नाही.

आत एक हवालदार होते. त्या रात्रीची तशी तक्रार त्यांच्याकडे नव्हती. मेडिकल आणि मेयो या सरकारी दवाखान्यांत त्या रात्री सायकलवाला कुणी आला होता का, याची चौकशी करायला लावतो म्हणाले. ‘चार दिवसांनी आलात, आता रक्तात काय सापडणार?’ असंही म्हणाले. मला ठाऊक होतं. पहिल्याच सकाळी जायला हवं होतं, त्या सकाळी मी टपरीपर्यंतच गेले.

मग त्यांनी लिहायला घेतलं. गाडी कोणती, कुठून कुठे, वेळ किती. ‘चालवत कोण होतं?’ मी दादाचं नाव सांगितलं. सांगताना आवाज फुटत नव्हता. त्यांनी ते लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

मी म्हटलं, ‘गाडीत अजून कोण होतं तेही लिहा.’

‘त्याची गरज नाही बाई.’

‘लिहा. मागच्या सीटवर मी होते.’

त्यांनी माझं नाव लिहिलं. बाहेर आले तेव्हा वहिनीनं काही विचारलं नाही, स्कूटी सुरू केली. लॉ कॉलेज चौकाजवळ आल्यावर मात्र तिनं वेग कमी केला. टपरीच्या अलीकडे थांबवून मला म्हणाली, ‘ताई, कुठे पडला होता तो?’