मदत हवी आहे : मॉरिशसमध्ये लिचीच्या झाडाला जाळी कशी लावावी?

नमस्कार मंडळी. आम्ही मॉरिशसला राहतो. अंगणात लिचीची दोन मोठी झाडं आहेत. नोव्हेंबर उजाडला की रात्री मोठी वटवाघळं येतात. सकाळी झाडाखाली अर्धवट चावलेल्या लिच्या आणि चोथ्याचे गोळे पडलेले असतात.

त्यांना इजा होऊ द्यायची नाही. कारण जमिनीवरचे बाकी सस्तन प्राणी इथे बाहेरून आलेत : हरणं डचांनी १६३९ मध्ये जावाहून आणली, मुंगूस १९०० मध्ये आलं, माकडं, उंदीर, टेनरेक (एक छोटा काटेरी प्राणी) हेही बाहेरचेच. जमिनीवरचे इथले मूळ सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं. त्यांतली फळं खाणारी एक लहान जात एकोणिसाव्या शतकातच संपली. फळं खाणाऱ्या उरलेल्या मोठ्या जातीची सरकारने २०१५ पासून अनेकदा कत्तल केली आणि २०१८ मध्ये ती संकटग्रस्त ठरली. रानातल्या कितीतरी मूळ झाडांच्या बिया हीच पसरवतात. मला तरी हे फार जिव्हारी लागतं.

सैल जाळीत पंख अडकून ती तडफडतात, शेजारी पाहिलंय. कोकणात चिकूला जाळी लावणाऱ्यांनी किंवा इथल्या कुणी कृपया सांगावं : छिद्र किती बारीक हवं? उंच झाडावर जाळी ताणून बसवायला सांगाडा कशाचा करावा? की घोसांना पिशव्याच बांधाव्यात?