जिप्सीचे वायपर जाम झालेत, मोटर बदलू का?

पंचवटीकर_९७:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९९७ ची जिप्सी आहे, कार्ब्युरेटरवाली, मामांकडून आलेली. उन्हाळाभर पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती आणि रविवारी पाऊस लागला म्हणून हौसेनं भावली धरणाकडे काढली, तर घोटीच्या पुढे गेलो आणि वायपर अर्ध्या काचेवर जाऊन उभेच. उजवा नुसता थरथरत होता, डावा तर हलायलाच तयार नाही, आणि डॅशमागून घूंऽऽ असा आवाज. मग फ्यूज उडाला. दुसरा टाकला, तोही उडाला. बायको खिडकीतून हात काढून ओढणीनं काच पुसतेय आणि मी बैलगाडीच्या चालीनं, असे परत आलो. तिथला पाऊस तुम्हाला माहितीच आहे.
इथं नाशकात आल्यावर एका गॅरेजवाल्यानं बोनेटसुद्धा न उघडता सांगितलं मोटर गेली, साडेचार हजार. पटत नाहीये. मोटरच गेली असती तर घूं आवाज कसा आला असता? घरी पान्यांचा सेट आहे, मल्टिमीटर आहे, रविवार मोकळा आहे.

त्र्यंबकरोड_ऑफरोड:
डब्ल्यूडी-४० (जाम सोडवायचा स्प्रे) मारा भो, दहा मिनिटं थांबा, चालू होईल. माझे झाले होते.

सातपूरचा_टर्नर:
दादा मोटर अजिबात घेऊ नका अजून. आणि तिसऱ्यांदा फ्यूज उडाला म्हणून मोठा फ्यूज तर मुळीच टाकू नका, फ्यूज वाचेल आणि वायरिंग जळेल.
आधी हे करा. मोटरच्या क्रँकवर (मोटरनं फिरणारा छोटा दांडा) लिंकचा, म्हणजे तिथून वायपरकडे जाणाऱ्या पट्टीचा, गोळी-सॉकेटचा जोड असतो तो मोठ्या स्क्रूड्रायव्हरनं उचकटून वेगळा करा, म्हणजे मोटर एकटी राहिली. आता स्विच द्या. छान गरगर फिरली, बंद केल्यावर एका ठरलेल्या जागी येऊन थांबली, तर मोटर ठीक. मग वायपरचे दोन्ही आर्म काढून स्पिंडल, म्हणजे आर्म ज्यावर बसतो तो शाफ्ट, हातानं फिरवून बघा, दोन बोटांत फिरायला पाहिजे. पैज लावतो डावा पक्कडीनंसुद्धा हलणार नाही.
कारण असं की स्पिंडल लोखंडाचा आणि तो ज्या घरात फिरतो ते जस्त-ॲल्युमिनियमचं ओतीव. वरची रबरी टोपी आणि ओ-रिंग कडक झाली की पाणी आत उतरतं, त्या धातूला पांढरी भुकटी धरते, आणि आतली फट एवढी बारीक असते की तेवढ्या भुकटीनंच शाफ्ट आवळला जातो. मोटर बिचारी जोर लावते, करंट वाढतो, फ्यूज उडतो. मग आपण मोटरला शिव्या देतो.
वरच्या भाऊंचं डब्ल्यूडी चुकीचं नाही, पण ते सोडवायला आहे, टिकणारं वंगण नाही. उडून जातं. आठ दिवसांनी परत तेच.

त्र्यंबकरोड_ऑफरोड:
आठ नाही, पंधरा दिवस चालले 😄

देवळाली_जुनी_जीप:
सातपूरवाल्यांशी १०० टक्के सहमत. मी फक्त काढताना काय चुकतं ते सांगतो, कारण मी ते सगळं चुकलोय.
आर्म काढायच्या आधी ब्लेड काचेवर कुठं टेकतं तिथं चिकटपट्टी लावून ठेवा. नट सोडला तरी आर्म बारीक दात्यांवर बसलेला असतो, निघत नाही, म्हणून लोक स्क्रूड्रायव्हर काचेवर टेकवून उचकटतात आणि काच जाते. छोटा पुलर मिळतो तो वापरा. नाहीतर आर्म डावी-उजवी हलवत राहा, दमानं.
स्पिंडल घरातून ठोकून काढताना नट दोन-चार आट्यांवर फिरवून ठेवा आणि हातोडी नटावर बसू द्या, मधे लाकडाचा ठोकळा. नुसत्या शाफ्टवर हाणलं तर आटे चेपतात आणि मग तो बाहेर पण येत नाही आणि आत पण जात नाही. हॉट गननं घर गरम केलं तर लवकर सुटतं, पण पार्ट गाडीवर असताना नको, काचेला उष्णता लागते.
स्पिंडलची दुसरी जोडी पूर्वी अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात सहज मिळायची, महापालिकेनं २०१७ ला तो हटवला तेव्हापासून शोधत फिरावं लागतं. म्हणून आहे तो जपून काढा.

पंचवटीकर_९७:
मंडळी झालं काम, सविस्तर लिहितो.
मोटर एकटी मस्त फिरली. साडेचार हजार वाचले. डावा स्पिंडल पक्कडीनंही हलेना, मग सगळं लिंकेज बाहेर काढलं, खालची सरक्लिप, म्हणजे शाफ्ट अडकवणारी स्प्रिंगची कडी, काढली (ती उडाली, अर्धा तास मुलगा आणि मी फरशीवर रांगत होतो, शेवटी कुंडीत सापडली). रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवला. सकाळी हॉट गन, लाकूड, हातोडी. पहिले आठ-दहा ठोके काहीच नाही, मग आवाज बदलला, टणटणच्या ऐवजी थप्प असा आला आणि केसभर सरकला. बाहेर आला तेव्हा त्यावर चुन्यासारखा थर होता, नखानं खरवडला तर खपली निघाली. ६०० चा पॉलिश पेपर तेल लावून फिरवला, घराच्या आतून काडीला पेपर गुंडाळून साफ केलं, नवीन ओ-रिंग, लिथियम ग्रीस. आता फुंकर मारली तरी फिरेल असं वाटतं.
उजव्याची गोष्ट उलटी, तो जाम नाही तर झिजून ढिला झालाय, धरून हलवला की खुटखुट. त्याचं काय? आणि आता वायपर बंद केल्यावर डावं ब्लेड काचेच्या मधेच थांबतंय.

सातपूरचा_टर्नर:
मधे थांबतंय म्हणजे आर्म बसवताना मोटर पार्कला, म्हणजे थांबायच्या ठरलेल्या जागी, नव्हती, चिकटपट्टी बघून नुसते बसवलेत. आर्म काढा, स्विच चालू करून बंद करा, मोटर आपल्या जागी थांबू द्या, मग चिकटपट्टीवर ब्लेड ठेवून नट आवळा. काच ओली करून बघा, कोरड्यावर नको.
उजव्यासाठी लेथवर घर थोडं मोठं बोअर करून गनमेटलचा बुश (आत बसणारी धातूची नळी) बसवून घ्या, आतून शाफ्टच्या मापाचा रीम करून, म्हणजे भोक नेमक्या मापात आणून. नुसता जाड ग्रीस भरून खुटखुट लपवू नका. आणि लिंकच्या टोकांचे नायलॉनचे बुश पण हलवून बघा, ढिले असतील तर ब्लेड काचेच्या कडेला जाऊन आपटतं.

पंचवटीकर_९७:
पार्कचं जमलं, एकदम जागेवर. बुशासाठी शनिवारी अंबडला जातो. तोवर इगतपुरीकडे जायचं नाही असा घरून हुकूम आहे, ओढणीचा हिशोब अजून बाकी आहे म्हणे.