घरातल्या वस्तूंचा खेळ पाच मिनिटांत का संपतो?

पारिजात: मूल अडीच वर्षांचं. डबे, बरण्यांची झाकणं, चमचे, कपड्यांचे चिमटे, खडे, शिंपले, कापडाचे तुकडे असं सगळं टोपलीत भरून देते. लगेच टोपली पालथी, मग फेकाफेक आणि खेळ खलास. वस्तू कमी पडताहेत का? खडे-शिंपले या वयात चालतात का?

खडूपाटी: कमी नाहीत, प्रकार फार झालेत. पंधरा तऱ्हेच्या वस्तू समोर आल्या की मूल नुसतं चाळत बसतं. प्रकार तीनच ठेवा, पण नग भरपूर: बरण्यांची १५-२० झाकणं, पुठ्ठ्याच्या ८-१० नळ्या, लहान-मोठे तीन प्लास्टिकचे डबे. एकसारखं पुष्कळ मिळालं की रांगा लागतात, मनोरे चढतात, भरणं-ओतणं सुरू होतं.

एका डब्याच्या झाकणाला फट पाडा. बरणीचं झाकण उभं धरून टाकायचं, म्हणून फट त्याच्या जाडीपेक्षा ३-४ मिमी रुंद हवी. अगदी नेमकी ठेवली तर झाकण तिरकं अडकतं आणि मूल रडकुंडीला येतं. भलतीच मोठी केली तर नेम धरायचं कामच उरत नाही. कापलेल्या कडेवर जाड चिकटपट्टी फिरवा.

फेकण्याला खोडी समजू नका. वस्तू कशी जाते, कुठे पडते, आवाज कसा येतो, हे मूल तपासत असतं. मोज्यांच्या ८-१० गुंडाळ्या करा आणि मीटरभर अंतरावर बादली ठेवा.

रानवाट: आधी चिमटे काढा. त्यांची स्प्रिंग निसटते, शिवाय ते घशात अडकू शकतात. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी सोपी कसोटी म्हणजे टॉयलेट रोलची नळी: जे तिच्यात मावतं, ते द्यायचं नाही. (खेळणी तपासायच्या नळकांड्याचा व्यास ३.१७ सेमी असतो, ही नळी त्याहून थोडी रुंद, म्हणजे चूक झाली तरी सावधगिरीच्या बाजूने.) लहान खडे-शिंपले त्यामुळे बादच, मुठीएवढे गुळगुळीत दगड चालतील. सुक्या बिया तर नकोतच, नाकात गेल्या की ओल शोषून फुगतात. कण्हेर, एरंड आणि गुंज विषारी आहेत, त्यांची पानं-बिया आसपासही नकोत.

एक मतभेद नोंदवते. 'सुट्या भागां'ची, म्हणजे मुलांना हव्या तशा हलवता-जोडता येणाऱ्या वस्तूंची, कल्पना १९७१ मध्ये मांडणारे ब्रिटिश कलाकार सायमन निकल्सन यांचं म्हणणं होतं की जितक्या जास्त आणि जितक्या प्रकारच्या बदलत्या गोष्टी हाताशी, तितकी कल्पकता जास्त. ते मला पटतं. फक्त या वयात तो विविधपणा एकाच वेळी ओतू नये. चार-पाच दिवसांनी तीनपैकी एक प्रकार बदला, बाकीचे दोन तसेच राहू द्या.

पारिजात: चिमटे काढले. वाळू दिली तर मूद पडतच नाही, ढासळते.

खडूपाटी: आठ वाट्या वाळूला एक वाटी पाणी. कणांच्या मधलं पाण्याचं पातळ आवरण त्यांना धरून ठेवतं. कोरड्या वाळूत ते नसतं, फार ओल्या वाळूत कणांमधली हवा जाऊन सगळं वाहतं. वाटी दाबून भरा, पालथी करून बुडावर दोन टिचक्या मारा. आणि करून दाखवलंत की हात मागे घ्या. 'हे काय केलंस?' असं सारखं विचारलं की हातातलं काम थांबतं.

रानवाट: पाण्याची बादली मात्र हाताच्या अंतरावर ठेवा आणि खेळ थांबला की लगेच ओतून टाका. दोन इंच पाण्यातही लहान मूल बुडू शकतं.